काखेत कळसा: जुने धर्मग्रंथ आणि स्वतःची आतली किंमत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी जुने ग्रंथ वाचतेय, उपनिषदं, गीता, बायबल, थोडी बौद्ध सूत्रं. पाठांतरासाठी नाही आणि वाद घालायला तर अजिबात नाही, त्यात स्वतःबद्दल काय सापडतं ते बघायला. हे कोणाला सांगितलं की तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवतेय. मी शास्त्री वगैरे नाही पण हा विषय मला फार जवळचा आहे.

रूपक म्हणून वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

नाथांचं विंचवाचं भारूड ऐकलंय ना? विंचू चावला म्हणून एवढा आरडाओरडा होतो पण ऐकणारा कोणी कोपऱ्यात विंचू शोधायला उठत नाही, सगळ्यांना कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि तो आपल्यालाच चावलाय. बास, तेच करायचं, फक्त अजून जुन्या ग्रंथांच्या बाबतीत.

कठोपनिषद तर किल्ली स्वतःच हातात देतं. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन म्हणजे लगाम, बुद्धी म्हणजे सारथी आणि आत बसलेला रथाचा मालक तो आत्मा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी दिवस एकाच ठिकाणी अडकून होते, की आपण स्वतःला मार्क देतो ते कशावरून देतो? घोडे किती जोरात पळतात आणि रथ किती चकाचक आहे यावरून. आत कोण बसलंय हे कोणी विचारतच नाही. रथाला पोचा आला म्हणून बसलेल्याची किंमत उतरत नाही, हे डोक्याला लगेच पटतं पण ज्या दिवशी खरंच पोचा येतो त्या दिवशी आठवत नाही, म्हणून तर परत परत वाचायचं.

हे आजकालचं मोटिव्हेशनल फॅड नाही का? आपल्या सोयीचा अर्थ काढायचा आणि मोकळं व्हायचं?

सोयीचा अर्थ काढायची भीती खरी आहे, त्यावर पुढे लिहिलंय. पण फॅड म्हणाल तर नाही, हे वाचन फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात फिलो नावाचा ज्यू विचारवंत होता, तो अब्राहामाच्या प्रवासाची गोष्ट जिवाचा प्रवास म्हणून वाचायचा. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने लिहिलं की माणसाला शरीर, जीव आणि आत्मा असतो तसेच ग्रंथालाही तीन थर असतात. पुढे मोठा ख्रिस्ती संत झालेल्या ऑगस्टीनला तरुणपणी बायबल अगदी ओबडधोबड वाटलं होतं, बाजूलाच ठेवलं होतं त्याने, मग मिलानमध्ये बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकताना 'अक्षर मारतं, आत्मा जिवंत करतो' हे वचन त्याला भेटलं आणि ज्या गोष्टींपाशी तो अडला होता त्याच मोकळ्या व्हायला लागल्या. ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. ज्यू परंपरेत तर अर्थाच्या चार पातळ्याच सांगितल्यात, सरळ अर्थ, सूचित अर्थ, उकलून काढलेला अर्थ आणि गूढ अर्थ, आणि त्यांच्या हिब्रू नावांची पहिली अक्षरं जोडली की शब्द होतो पर्देस, म्हणजे फळबाग. मला हे फार आवडतं, की ग्रंथ म्हणजे बाग आणि आपण आत शिरायचं.

आणि ज्ञानेश्वरीची सुरुवातच बघा, १२९० सालची. पहिलं नमन कोणाला, तर 'स्वसंवेद्या आत्मरूपा', जो स्वतःच स्वतःला कळतो त्याला. मग त्यालाच गणेश म्हटलंय आणि गणपतीचे सहा हात म्हणजे सहा दर्शनं, अकार म्हणजे पाय, उकार म्हणजे पोट, मकार म्हणजे मस्तक असं एकेक उलगडत नेलंय. ज्ञानेश्वर माउली उघड उघड रूपक करतायत आणि ते करताना भक्ती एक कणही कमी होत नाहीये. त्यामुळे रूपक केलं की श्रद्धा पातळ होते असं कोणी म्हटलं की मी या ओव्या दाखवते.

स्वतःची किंमत ओळखायची म्हणजे शेवटी अहंकारच वाढवायचा ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इतकं सुरेख आहे की मी ते पूर्णच सांगते.

प्रजापती म्हणाले की एक आत्मा आहे ज्याला म्हातारपण नाही, मरण नाही, शोक नाही, तो ज्याला कळला त्याला सगळं मिळालं. हे देवांनी पण ऐकलं, असुरांनी पण ऐकलं. देवांकडून इंद्र निघाला आणि असुरांकडून विरोचन, दोघंही हातात समिधा घेऊन प्रजापतींकडे आले आणि ३२ वर्षं तिथे राहिले. मग प्रजापती म्हणाले, पाण्याने भरलेल्या परळात, म्हणजे पसरट भांड्यात, बघा. दोघांनी वाकून बघितलं, आणि म्हणाले आम्हाला आमचं पूर्ण रूप दिसतंय, अगदी केसांपासून नखांपर्यंत. मग प्रजापती म्हणाले आता छान नटूनथटून, चांगले कपडे घालून या आणि परत बघा. परत बघितलं, पाण्यात तेच, नटलेले दोघं. हाच आत्मा, असं प्रजापती म्हणाले आणि दोघंही खूश होऊन परत निघाले.

विरोचन असुरांकडे पोचला आणि सांगून टाकलं की शरीर म्हणजेच आपण, त्याचेच लाड करा, त्यालाच सजवा. त्याच्यासाठी गोष्ट तिथे संपली. इंद्र मात्र अर्ध्या वाटेत थांबला. त्याच्या मनात आलं, की शरीर नटलं की हा पाण्यातला नटतो, मग शरीर आंधळं झालं की हाही आंधळा, लंगडं झालं की हाही लंगडा, आणि शरीर गेलं की हाही गेला, यात मला काही राम दिसत नाही. आणि तो परत फिरला. परत ३२ वर्षं, मग अजून ३२, मग अजून ५, एकूण १०१ वर्षं.

आता मला सांगा, अहंकार कुठला आणि स्वतःची खरी किंमत कुठली हे याहून स्पष्ट कसं सांगणार? अहंकार म्हणजे पाण्यातलं नटलेलं रूप. लोकांनी लाइक केलं, बॉसने कौतुक केलं, फोटो चांगला आला की ते खुलतं आणि एका खराब दिवसात ते मलूल होतं, कारण ते मुळातच उसनं आहे. जे आत आहे ते यातल्या कशानेच हलत नाही. अहंकारी माणसाला सतत पाण्यात वाकून बघावं लागतं, हे मी आधी स्वतःमध्येच पाहिलंय. आणि अजून एक, स्वतःला सतत कमी समजणारा माणूस पण त्याच परळात वाकलेला असतो, फक्त त्याला तिथे वाईट दिसतं एवढाच फरक. त्यामुळे आत्मविश्वास वाढवा म्हणून नुसती स्वतःची स्तुती करत राहायचं हा उपाय मला विरोचनाचा वाटतो.

सुरुवात कुठून करू? एवढे ग्रंथ आहेत.

एका वाक्यापासून करा. याच छांदोग्यात, इंद्राच्या गोष्टीच्या थोडं आधी, एक उपमा आहे. जमिनीखाली सोन्याचा ठेवा पुरलेला आहे पण ज्यांना ती जागा माहीत नाही ते त्याच्यावरूनच रोज जा-ये करतात आणि त्यांना तो सापडत नाही. बघा हं, ते लांब गेलेले नाहीत, आळशी नाहीत, पापी नाहीत, बरोबर त्याच जागेवरून चालतायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतो ना आपण, तसंच, फक्त इथे कळसा पायाखाली आहे. हे वाक्य आठवडाभर मनात घोळवा, बाकी काही वाचू नका.

मग कठोपनिषदातला नचिकेत घ्या. माझी स्वतःची सुरुवात तिथून झाली. वडील यज्ञात दान देतायत आणि ज्या गाई देतायत त्यांचं पाणी पिऊन संपलंय, गवत खाऊन संपलंय, दूध पण काढून संपलंय. मुलगा हे बघतो आणि विचारतो, बाबा मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा विचारल्यावर वडील भडकून म्हणतात, मृत्यूला देतो तुला.

इथे मुलाच्या मनात जे येतं ते मूळ संस्कृतात असं आहे: 'बहूनामेमि प्रथमो बहूनामेमि मध्यमः'. खूप जणांत मी पहिला असतो, खूप जणांत मी मधला असतो. शंकराचार्यांनी भाष्यात हे अजून खोलून सांगितलंय, की अगदी खालचा मी कधीच नव्हतो. मी तीन भावंडांतली मधली, वर्गात पण कायम मधलीच, आणि मधलं असणं म्हणजे काहीच नसणं असं मी धरूनच चालले होते. पुस्तकात त्या ओळीखाली पेन्सिलने मी इतक्यांदा रेघ मारलीय की तिथला कागद चकचकीत झालाय. वडिलांनी आत्ता आत्ता त्याची किंमत शून्य ठरवलीय, आणि हा मुलगा रडत नाही, उलटून बोलत नाही, शांतपणे स्वतःचा खरा हिशोब मांडतो. काही ठिकाणी पहिला, काही ठिकाणी मधला. मग तीन रात्री उपाशी यमाच्या दारात बसतो आणि यम परत आल्यावर यमच त्याला नमस्कार करतो! आणि पहिला वर काय मागतो तर वडिलांचा राग जाऊ दे, त्यांचं मन शांत होऊ दे. ज्याने आपल्याला मोडीत काढलं त्याच्याविषयी असं मागता येणं हे आतून भरलेल्या माणसालाच जमतं असं मला वाटतं.

गोष्टीतलं मी नक्की कोणतं पात्र?

सगळीच. हा या वाचनातला सगळ्यात कामाचा नियम आहे आणि सगळ्यात अवघड पण. आपल्याला आपोआप नायक व्हायचं असतं.

बायबलमध्ये गणना नावाच्या पुस्तकात तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. देवाने इस्राएली लोकांना वचन दिलेला देश बघून यायला १२ माणसं पाठवतात, ४० दिवस फिरून ती परत येतात, सोबत द्राक्षांचा एवढा मोठा घड की दोघांना दांड्यावर टांगून आणावा लागतो. आणि तरी १० जण म्हणतात आपल्याला जमणार नाही, तिथे धिप्पाड माणसं आहेत, 'आम्ही आमच्याच नजरेत टोळांसारखे होतो आणि त्यांच्या नजरेतही तसेच होतो'.

माझी नोकरी गेली होती त्या वर्षी मी हे वाचलं. इंटरव्ह्यूला जायचे, समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच त्याने माझ्याबद्दल काय ठरवलंय ते मला माहीत असायचं. आणि हे वाक्य वाचताना एकदम लक्षात आलं की अरे, या दहा जणांना कसं कळलं समोरच्याला ते कसे दिसतात? विचारलं होतं का कोणाला? नाही. आधी स्वतःच्या नजरेत टोळ झाले आणि मग तीच नजर दुसऱ्याच्या डोळ्यात बसवली. वाक्यातला क्रम बघा, पहिलं 'आमच्या नजरेत' आहे. द्राक्षांचा घड त्यांच्याच खांद्यावर होता, तो त्यांना मोजताच आला नाही.

तर ते दहा पण मीच, हो जमेल म्हणणारे यहोशवा आणि कालेब पण मीच, आणि तिथली धिप्पाड माणसं पण माझ्याच आतली. असं वाचलं की गोष्ट दुसऱ्यांबद्दल राहत नाही.

गीतेत तर युद्ध आहे, मारामारी आहे, त्यात कसली आतली किंमत?

महात्मा गांधींनी गीतेच्या आपल्या भाषांतराच्या, 'अनासक्तियोगा'च्या प्रस्तावनेत लिहिलंय की १८८८-८९ मध्ये गीतेची पहिली ओळख झाली तेव्हाच त्यांना वाटलं होतं की हे बाहेरच्या लढाईच्या निमित्ताने माणसाच्या मनात सतत चालणाऱ्या झगड्याचं वर्णन आहे. लोकमान्य टिळकांचं गीतारहस्य १९१५ चं, त्यात भर पूर्णपणे कर्मयोगावर. दोघांनी एकाच ग्रंथातून वेगळं घेतलं आणि दोघांचंही आयुष्य त्यावर उभं राहिलं. मला यात भांडण दिसत नाही.

स्वतःच्या किमतीबद्दल सरळ सरळ बोलणारा श्लोक सहाव्या अध्यायात पाचवा आहे. 'उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्'. स्वतःच स्वतःला वर काढावं, स्वतःला खचू देऊ नये, कारण आपणच आपला मित्र आणि आपणच आपला शत्रू. 'अवसाद' हा शब्द बघा जरा, खाली बसणं, गळून जाणं, आणि पहिल्या अध्यायात अर्जुनाचं शब्दशः तेच झालंय, धनुष्य हातातून गळतंय, तोंड कोरडं पडलंय, तो रथात खाली बसलाय. म्हणजे हे वचन तत्त्वज्ञान म्हणून हवेत आलेलं नाही, एका खाली बसलेल्या माणसाशी बोलताना आलंय.

मग या गोष्टी खऱ्या घडल्याच नाहीत असं म्हणायचं का?

नाही, तसं काही म्हणायची गरज नाही. घडलं की नाही हा इतिहासाचा प्रश्न, तो त्या वाटेने सोडवा. घडलं असं मानणारा पण आतला अर्थ घेऊ शकतो, न मानणारा पण. माझ्या घरातच दोन्ही प्रकारची माणसं आहेत आणि आम्ही एकत्र बसून वाचतो.

प्रत्येक गोष्टीचं रूपक करायचं का?

नाही! इथे मी ठाम आहे. एकलव्याचा अंगठा म्हणजे अहंकाराचं दान वगैरे जे सांगितलं जातं ते मला मान्य नाही. तो निषादाचा मुलगा, शिकवायला नकार मिळाला, मातीची मूर्ती करून स्वतः शिकला, आणि मग उजव्या हाताचा अंगठा मागून घेतला गेला. अंगठा गेल्यावर त्याच्या बाणांचा वेग पहिल्यासारखा राहिला नाही असं महाभारतच सांगतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच 'बघ किती सुंदर त्याग' असं सांगणं म्हणजे त्याची किंमत दुसऱ्यांदा काढून घेणं. अशा ठिकाणी अंगठा हा अंगठाच राहू द्यावा.

बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट पण यासाठीच वाचावी. मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोडं, आणि तीन मित्र येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तेवढंच ते बरोबर करतात. नंतर तोंड उघडतात आणि त्याच्या दुःखाचे अर्थ लावायला लागतात, की तुझंच काहीतरी चुकलं असेल. शेवटी, ४२व्या अध्यायात, देव त्या मित्रांवरच रागावतो आणि म्हणतो तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. त्यामुळे माझा नियम असा आहे की रूपक मी स्वतःच्या आयुष्याचं करेन, दुसऱ्याच्या जखमेचं नाही.

ग्रंथात तर माणसाला पापी, तुच्छ, धूळ म्हटलंय. त्याने सेल्फ-वर्थ अजून खाली जात नाही का?

ज्यांना लहानपणी हे वाक्य काठीसारखं वापरून सांगितलं गेलं त्यांचं दुखणं मी समजू शकते. पण पूर्ण ग्रंथ वाचला की सहसा त्याच्या शेजारीच दुसरं वाक्य सापडतं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत आठवं स्तोत्र आकाश, चंद्र, तारे बघून विचारतं की एवढ्या पसाऱ्यात माणूस तो काय, आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतं की तू त्याला गौरवाचा मुकुट घातलास. ज्यूंच्या हसिदी या भक्तिपंथात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सिम्खा बुनिम यांचं सांगणं प्रसिद्ध आहे, की माणसाने दोन खिशांत दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात, एकीवर 'माझ्यासाठी जग निर्माण झालं' आणि दुसरीवर 'मी धूळ आणि राख आहे', आणि गरज पडेल तशी चिठ्ठी काढावी.

तुकोबांनी तर दोन खिसे पण ठेवले नाहीत. 'अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा'. एकाच ओळीत, एकाच नावावर, अणूहून लहान आणि आकाशाएवढा. लहान होणं आणि हलकं होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, संत स्वतःला लहान म्हणतात तेव्हा त्यांना कोणी हलकं लेखलेलं नसतं, ते स्वतःहून वाकतायत. तुम्हाला जर आधीच कोणीतरी जबरदस्तीने वाकवलं असेल तर सध्या 'माझ्यासाठी जग निर्माण झालं' हीच चिठ्ठी काढा, बिनधास्त.

बौद्ध धर्मात तर आत्माच मानत नाहीत, मग तिथे हे कसं बसणार?

शब्द वेगळे आहेत आणि तो फरक पुसू नये असं मला वाटतं. तरी धम्मपदात 'अत्ता हि अत्तनो नाथो' आहेच, आपणच आपले नाथ, दुसरा कोण असणार. आणि महायान सूत्रांत तर दृष्टांतांची खाण आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात एक गरीब माणूस मित्राकडे दारू पिऊन झोपतो, मित्राला कामाला जायचं असतं म्हणून तो त्याच्या कपड्याच्या अस्तरात एक अनमोल रत्न शिवून जातो. हा उठतो, परमुलुखात जातो, पोटासाठी वणवण करतो, रत्न अंगावर घेऊनच. तथागतगर्भ सूत्रात नऊ उपमा आहेत, घाणीत पडलेलं सोनं, गरीब घराच्या खाली पुरलेला ठेवा अशा. छांदोग्यातलं पायाखालचं सोनं आठवलं ना? मला पण.

संस्कृत, हिब्रू, ग्रीक काहीच येत नाही, चालेल?

चालेल. मलाही संस्कृत सोडून काही येत नाही आणि तेही अडखळतच. दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवा, जिथे ती वेगळी पडतात तिथे थांबा. उदाहरण देते. उधळ्या मुलाची गोष्ट, बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातली. सगळे पैसे उडवून तो डुकरं राखतोय आणि डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटतायत अशी वेळ आलीय. तिथे मराठीत 'शुद्धीवर आला' असं येतं, पण ग्रीकमधला शब्दशः अर्थ 'स्वतःकडे आला' असा आहे. बापाकडे जायच्या आधी तो स्वतःकडे आलाय!

आणि पुढे अजून बारीक आहे. तो निघायच्या आधीच काय बोलायचं ते पाठ करतो, बाबा मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर पहिली दोन वाक्यं म्हणतो, आणि तिसरं, मजुराचं, त्याच्या तोंडून येतच नाही, कारण बाप मध्येच नोकरांना सांगायला लागतो, झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला. स्वतःची किंमत किती कमी लावायची हे तो ठरवून आला होता, आणि ती बोली त्याला लावूच दिली नाही. हे मला कितीतरी वर्षं दिसलं नव्हतं, दोन्ही ठिकाणची वाक्यं बोट ठेवून मोजली तेव्हा दिसलं.

रोज वाचायचं तर कसं?

थोडं. एक प्रसंग, दहा ओळी, बास. आधी सरळ अर्थ नीट कळू दे, कोण, कुठे, काय म्हणालं, कारण तो पाया कच्चा असेल तर आतला अर्थ म्हणजे नुसती आपली कल्पना. मग विचारा की यातला कोणता माणूस मी आज होते. वहीत एक ओळ लिहा, जास्त नाही. आणि दिवसभरात एकदा बघा की त्या वाचनामुळे समोरचा माणूस मला मोठा दिसला की छोटा. छोटा दिसत असेल, म्हणजे मी जागृत आणि बाकीचे अज्ञानी असं वाटायला लागलं असेल, तर अर्थ चुकलाय, कितीही सुंदर असला तरी.

मी खूप खचलोय, जगावंसं वाटत नाही. यातलं काय वाचू?

आत्ता वाचू नका, आधी बोला. डॉक्टरांशी, समुपदेशकाशी, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाशी, आजच. डिप्रेशन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि उपचार घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नाही. हे मी ग्रंथाच्याच आधाराने सांगते. बायबलमधला एलीया संदेष्टा पळून पळून दमतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येतो आणि काय करतो? उपदेश करत नाही. त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या असतो. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि परत तेच, ऊठ, खा, वाट तुला फार लांबची आहे. खाणं, झोप, परत खाणं, आणि मग पुढे डोंगरावर देवाचा तो मंद आवाज वगैरे सगळं. शेजारी येऊन भाकर ठेवणारं कोणीतरी असायला लागतं, त्या माणसाला हाक मारा.

वाचताना सगळं पटतं पण दुसऱ्या दिवशी परत मी बिनकामाचाच वाटतो. माझ्यात काही कमी आहे का?

छांदोग्यातल्या श्वेतकेतूचंही तेच झालं होतं. बाराव्या वर्षी गुरुकडे गेला, सगळे वेद शिकून चोविसाव्या वर्षी परत आला, आणि ताठ होऊन आला. वडील उद्दालक त्याला शिकवायला बसले. वडाचं फळ आण म्हणाले, फोड म्हणाले, काय दिसतं? अगदी बारीक दाणे. त्यातला एक फोड, काय दिसतं? काहीच नाही. म्हणाले, तुला दिसत नाही त्या बारीकशातूनच हा एवढा वड उभा आहे, आणि तेच तू आहेस, तत्त्वमसि. मुलगा म्हणाला, मला परत सांगा. मग रात्री मीठ पाण्यात टाकायला सांगितलं, सकाळी म्हणाले ते मीठ काढून दे, तर सापडेना. वरून चाखून बघ, मधून चाखून बघ, तळातून चाखून बघ. सगळीकडे खारट. तेच तू आहेस. मुलगा म्हणाला, परत सांगा.

नऊ वेळा सांगावं लागलं, बारा वर्षं वेद शिकून आलेल्या मुलाला. आणि दर वेळी त्याने परत सांगा म्हटलं की उद्दालकांचं उत्तर एकच, 'तथा सोम्य', बरं बाळा, आणि मग ते नवीन उदाहरण घ्यायचे.